कचेरीच्या खिशातला चाकू

कचेरी आणि चाकू हे दोन शब्द शेजारी शेजारी वाचून काही वाचकांच्या भुवया वर जातील. परंतु या दोहोंचे नाते टाक-दौतीपेक्षाही जुने आहे. बोरूने मोडी लिहिणाऱ्या कारकुनाजवळ बोरूच्या जोडीला तो तासण्याचा छोटा चाकू हा असावयाचाच. टोक झिजून अक्षर जाड पडू लागले की कारकून बोरूला तिरपा छेद देई, टोक मधोमध चिरी आणि पुन्हा ओळ पुढे नेई. या चाकूला फारसीतून आलेले एक सुरेख नाव होते: कलमतराश. इंग्रजीतला ‘पेननाइफ’ही याच कुळातला, तिकडे तो पिसाची लेखणी तासण्यासाठी होता. पुढे पोलादी टाक आला, मग झरणी आली, मग बॉलपेन आले आणि कलमतराश शब्दकोशात जाऊन बसला. कचेरीतले कापण्याचे काम मात्र काही संपले नाही.

आपल्या मेजावर दिवसभरात काय काय कापावे लागते, ते एकदा मनाशी मोजून पाहावे. टपालाचे लिफाफे, कुरिअरने आलेल्या खोक्यांवरची चिकटपट्टी, गठ्ठ्यांची सुतळी, नव्या खुर्चीवरचे प्लास्टिकचे वेष्टन, पेन्सिल, आणि डब्याबरोबर आणलेला पेरू. (लाल फितीचा यात समावेश केलेला नाही, ती कापून चालत नाही, सोडवावीच लागते.) यांतल्या बहुतेक कामांना दोन-अडीच इंचांहून मोठे पाते लागत नाही. तरीही ही कामे होतात कशी? किल्लीने, दातांनी, पोलादी पट्टीने, नाही तर कागदात गुंडाळून खणात ठेवलेल्या दाढीच्या अर्ध्या पात्याने. हे अर्धे पाते सर्वांत घातक. त्याला मूठ नाही, कणा नाही, आणि ज्याने ते खणात ठेवले त्याची बदली झाल्यावर नवा माणूस बेसावधपणे खणात हात घालतो. याहून घडीचा लहानसा चाकू शतपटींनी सुरक्षित, यात आम्हांस शंका नाही.

मग चाकू घ्यावा कसा? दुकानदार पोलादाविषयी बोलेल, जाणता मित्र खिटीविषयी बोलेल. ते विषय पुढे येतीलच. परंतु कचेरीसाठी चाकू निवडताना पहिला प्रश्न निराळाच असावा: हा चाकू आपण उघडला असता शेजारच्या मेजावरील माणसाला काय वाटेल? घरातली माणसे आपल्याला ओळखतात, शेतावरचे सोबती ओळखतात. कचेरीत मात्र कालच रुजू झालेली टंकलेखिका असते, तक्रार घेऊन आलेला अनोळखी अभ्यागत असतो, आणि ज्याच्याशी गेल्या आठवड्यात आपली बाचाबाची झाली असा सहकारीही असतो. तुमचा हेतू पेरू कापण्याचा आहे, हे त्यांना पाते बाहेर आल्यावर कळते. तत्पूर्वीचा तो एक क्षण ज्या चाकूमुळे कोणाच्याच लक्षात येत नाही, तो कचेरीचा चाकू.

भीती पात्याच्या लांबीत जितकी असते, तितकीच ती आवाजात असते. उत्तर प्रदेशातील रामपूरचे उदाहरण घ्यावे. तेथील कारागिरांचा घडीचा चाकू देशभर ‘रामपुरी’ या नावाने ओळखला गेला. हिंदी चित्रपटांनी तो घरोघरी पोहोचविला. ‘वक्त’ (१९६५) या चित्रपटात राजकुमार यांच्या तोंडी आलेला चाकूविषयीचा संवाद आजही पुष्कळांना पाठ आहे. आपल्या या ख्यातीचा रामपूरला इतका अभिमान की, २०२३ साली तेथील एका चौकात प्रचंड आकाराचा चाकूच उभारण्यात आला. त्या कारागिरीला आमचा नमस्कार. परंतु गरारीदार चाकू उघडू लागताच खिटी दात्यांवरून सरकत जाते आणि कट्-कट् असा जो ध्वनी उमटतो, तो ऐकणाऱ्याच्या छातीत धडकी भरविण्यापुरताच उपयोगी आहे. पेरू त्यामुळे अधिक चांगला कापला जात नाही. बटण दाबताच सट्‌कन बाहेर येणाऱ्या पात्याचेही तेच. जो चाकू उघडताना ऐकू येतो, तो दुकानातच ठेवून यावा.

हे सविस्तर लिहिण्याचे कारण दिल्लीतील एका मराठी भगिनीचे पत्र. त्या एका खाजगी कचेरीत काम करतात आणि आठवड्यातून दोन-तीनदा त्यांना रात्री उशिरा परतावे लागते. त्या लिहितात की, टपाल फोडण्यासाठी एक चाकू घ्यावयाचाच आहे. मग तो एका हाताने, बटणाने उघडणारा आणि जरा लांब पात्याचाच का घेऊ नये? दिवसा तो कागद कापील, रात्री सोबत करील. प्रश्न साधा नाही, आणि ‘चाकू बाळगणे स्त्रियांना शोभत नाही’ असले उत्तर देऊन तो टाळता येणार नाही. असा प्रश्न पडावा, ही लाज पत्रलेखिकेची नसून त्यांच्या वाटेवरच्या अंधाराची आहे.

प्रथम कायद्याचे पाहू, कारण येथे अजाणता संकट ओढवते. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखालील नियमांप्रमाणे ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याचे चाकू शस्त्रांत गणले जातात. घरकाम, शेती, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनविलेले त्यातून वगळले आहेत. एवढे वाचून कोणी निश्चिंत होईल. परंतु याच अधिनियमाने विशिष्ट प्रदेशात अधिक कडक निर्बंध लावण्याची मुभा ठेवली आहे, आणि दिल्लीत १९८० च्या अधिसूचनेने कमानीचे, गरारीदार, बटणदार आणि तत्सम यांत्रिक युक्तीने उघडमीट होणारे जे चाकू आहेत, त्यांपैकी ७.६२ सेंटिमीटर म्हणजे तीन इंच वा अधिक लांब आणि १.७२ सेंटिमीटर वा अधिक रुंद पात्याचे चाकू परवान्याविना सार्वजनिक जागी बाळगण्यास मनाई केली. या अधिसूचनेखाली दिल्लीच्या न्यायालयांत पुष्कळ खटले चालले आहेत. म्हणजे आमच्या भगिनी जो चाकू घेऊ पाहत आहेत, नेमका तोच त्यांना रात्रीच्या तपासणीत आरोपी करू शकेल. महाराष्ट्रातील वाचकांनीही हे ध्यानात ठेवावे की, १९५१ चा मुंबई पोलीस अधिनियम, जो आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणून ओळखला जातो, त्याच्या ३७ व्या कलमान्वये शांतता राखण्यासाठी ठरावीक मुदतीपुरते मनाईहुकूम निघतात, आणि त्यांत काठ्या-भाल्यांबरोबर चाकूचाही उल्लेख असतो. असा हुकूम चालू असेल त्या दिवसांत चाकू घरी ठेवावा, हे उत्तम.

आता सोबतीचे. स्वतःचा बचाव करण्याचा हक्क कायद्याने प्रत्येकास दिलेला आहे. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेत तो होता, १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेतही आहे. परंतु हक्क असणे आणि हत्यार उपयोगी पडणे या दोन गोष्टी भिन्न होत. लहान चाकू वापरावयाचा तर हल्लेखोराच्या हाताच्या टप्प्यात जावे लागते, आणि त्याचा हात बहुधा अधिक बळकट असतो. पिशवीच्या तळाशी असलेला चाकू शोधून, काढून, उघडीपर्यंत जो वेळ जातो, तेवढ्या वेळात माणूस उजेडाकडे पळू शकतो, ओरडू शकतो. बिनखिटीचा चाकू जोराने खुपसला तर तो उलट मिटतो आणि पहिली जखम धरणाऱ्याच्याच बोटांना होते. शिवाय हातातले हत्यार हिसकले गेले तर ते समोरच्याचे होते. म्हणून आमचे मत स्पष्ट आहे: कागद कापण्याच्या चाकूकडून रक्षणाची अपेक्षा धरू नये. त्या खोट्या धीरावर एखादी भगिनी अंधारी वाट धरील, तर त्या चाकूने तिचे अहितच केले असे होईल.

मग करावे काय? ११२ हा आपत्कालीन क्रमांक देशभर एकच आहे. तो नुसता ठाऊक असून भागत नाही, एका बोटाने लागेल असा फोनमध्ये बसवून ठेवावा. स्त्रियांसाठी १८१ हा मदत क्रमांकही आहे. चढ्या आवाजाची शिटी पिशवीच्या पट्ट्याला बांधावी. आणि सर्वांत महत्त्वाचे, रात्रीच्या परतीची जबाबदारी कचेरीकडे मागावी. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमात तर रात्री काम करणाऱ्या स्त्रीला संरक्षण आणि घराच्या दारापर्यंत वाहन देणे हे मालकाचे कर्तव्य ठरविले आहे. अन्य राज्यांतील भगिनींनी आपापल्या राज्याचा नियम पाहावा, आणि तो काहीही म्हणो, चौघीजणींनी मिळून लेखी मागणी करावी. एकटीचे अर्ज फायलीत राहतात, हा आमचा अनेक वर्षांच्या पत्रव्यवहारावरून झालेला ग्रह आहे.

असो. आता निखळ कामाच्या चाकूकडे वळू.

पाते पाच ते सहा सेंटिमीटर, म्हणजे सुमारे तर्जनीच्या दोन पेऱ्यांएवढे असले म्हणजे पुरे. उघडण्यासाठी पात्यावर नखाची खाच असावी आणि दोन्ही हात लागावेत. एका हाताने झटक्यात उघडणे ही दोर कापणाऱ्या खलाशाची गरज आहे. लेखनिकाला तेवढी घाई कधीच नसते. टोकाविषयी आमची शिफारस थोडी निराळी आहे. बहुतेक चाकूंचे टोक अणकुचीदार असते. त्याऐवजी, ज्याची धार सरळ असून पाठच टोकाशी खाली वळलेली असते, असे बोथट टोकाचे पाते मिळाल्यास घ्यावे. इंग्रजीत त्याला मेंढीच्या खुराची उपमा देऊन ‘शीप्सफूट’ म्हणतात. ते लिफाफ्यात घातले तर आतली हुंडी फाटत नाही, पेन्सिल त्याने छान तासली जाते, आणि ते दिसतेही निरुपद्रवी.

खिटी असावी की नसावी, यावर जाणत्यांचे दोन तट आहेत. बिनखिटीच्या चाकूत पात्याच्या मुळाशी पोलादी पट्टीची कमान दाब देत असते. त्या दाबानेच पाते उघडे राहते आणि मिटताना थोडा जोर लावावा लागतो. धारेवर दाब पडतो तेव्हा पाते अधिकच उघडे राहू पाहते, त्यामुळे ओढून कापण्याच्या कामात धोका नाही. धोका आहे तो टोकाने भोसकण्यात आणि पात्याच्या पाठीवर जोर देण्यात. जाड खोक्यात चाकू खुपसून भोक पाडावयाची सवय असेल, तर खिटीचाच घ्यावा. पण अशा कामाला चाकू न वापरता फायलींचा दाभण घ्यावा, हे अधिक शहाणपणाचे. ब्रिटनमध्ये १९८८ च्या कायद्याने तीन इंचांपर्यंतच्या धारेचा, बिनखिटीचा घडीचा चाकू सार्वजनिक जागी सबबीविना बाळगण्यास मोकळीक ठेवली आहे. तीन इंचांची हीच रेघ दिल्लीच्या अधिसूचनेतही यावी, हे लक्षात घेण्यासारखे आहे. आमचे मत कचेरीपुरते बिनखिटीच्या बाजूने पडते.

पोलाद गंजणारे घ्यावे की न गंजणारे? साध्या पोलादाला धार चटकन लागते आणि ती सुरेख लागते, हे खरे. परंतु मुंबई, रत्नागिरी, पणजी येथील दमट हवेत, घामाच्या खिशात, लिंबाचा रस लागलेले ते पाते चार दिवसांत डाग धरते. १९१३ साली शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली यांनी लोखंडात सुमारे १३ टक्के क्रोमियम मिसळून जे पोलाद केले, त्याच जातीचे पाते आपल्यासाठी बरे. फार कठीण पोलादाच्या मोहात पडू नये. ते बोथट होण्यास वेळ लागतो, आणि एकदा बोथट झाले की घरच्या निसण्याला दाद देत नाही.

कोणत्याही कारखान्याची जाहिरात करणे हा या सदराचा उद्देश नव्हे. तथापि स्वित्झर्लंडच्या त्या प्रसिद्ध लाल चाकूचा उल्लेख टाळता येत नाही, कारण आपला प्रश्न त्याच्या जन्मकथेतही आहे. कार्ल एल्सनर यांनी १८९१ मध्ये स्विस सैन्याला शिपायांचा चाकू पुरविला. तो भक्कम होता, पण जड होता. मग १८९७ मध्ये त्यांनी अधिकाऱ्यांच्या खिशात शोभेल असा हलका चाकू केला, आणि एकाच कमानीच्या आधाराने मुठीच्या दोन्ही बाजूंस हत्यारे बसविण्याची युक्ती काढली. सैन्याने हा दुसरा चाकू रीतसर घेतला नाही. अधिकाऱ्यांनी आपल्या पैशांनी तो विकत घेतला. जड शिपाईगिरीकडून हलक्या खिशाकडे झालेला हा प्रवास कचेरीच्याच दिशेचा नव्हे काय? त्या घराण्यातला ५८ मिलिमीटरचा सर्वांत लहान प्रकार वीस-एकवीस ग्रॅमच्या आसपास भरतो. त्यात जेमतेम चार सेंटिमीटरांचे पाते, कात्री, नखाची कानस, चिमटा आणि दातकोरणे एवढे असते. ज्यांच्याजवळ तो आहे त्यांना विचारावे. पात्यापेक्षा कात्रीच अधिक कामी येते असे बहुतेक सांगतील. आणि कात्री पाहून आजवर कोणी दचकलेले आमच्या ऐकिवात नाही.

ज्यांना एवढा खर्च नको, त्यांनी आपली नखे काढण्याची कातरी उलटून पाहावी. आपल्याकडे मिळणाऱ्या पुष्कळ नेलकटरांत एक इवलेसे घडीचे पाते असतेच. त्याचे पोलाद सामान्य असते, धार तर बहुधा नसतेच. परंतु ती लावून घेता येते आणि लिफाफ्यांपुरते ते काम निभावते.

धार लावण्यासाठी निसणा नसेल तर चहाचा चिनी मातीचा कप उपडा करावा. त्याच्या बुडाशी जी खरखरीत, चकाकी नसलेली कड असते, तिच्यावर पाते सुमारे वीस अंशांच्या कोनात धरून, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने, हलक्या हाताने आठ-दहा वेळा ओढावे. चिकटपट्टीचा चीक पात्यावर साचतो. तो नखाने खरवडू नये, कापडाला निलगिरीच्या तेलाचे दोन थेंब लावून पुसावा. सांध्यात तेलाचा एक थेंब महिन्यातून एकदा पुरतो. खोबरेल घालू नये, दिल्ली-नागपूरच्या थंडीत ते गोठते; औषधाच्या दुकानातले लिक्विड पॅराफिन चांगले, कारण पुढे त्याच पात्याने फळ कापले तरी चालते. मात्र फळ कापण्यापूर्वी पाते धुवावे. कुरिअरच्या खोक्यावरची धूळ किती गावांची असते, हे सांगावयास नकोच.

चाकू कोठे ठेवावा, हेही निवडीइतकेच महत्त्वाचे. काही चाकूंना खिशाच्या काठावर अडकविण्याचा चाप असतो व तो बाहेरून दिसतो. कचेरीत तो नको. चाकू चष्म्याच्या घरात, लेखण्यांच्या पेटीत किंवा खणात असावा. ज्या इमारतीच्या दारावर पिशव्या तपासल्या जातात, तेथे आधी नियम विचारावा; ‘एवढासाच तर आहे’ असे म्हणून पहारेकऱ्याशी वाद घालू नये. तो दिवसभर शेकडो पिशव्या पाहतो आणि चूक झाली तर जाब त्यालाच द्यावा लागतो. चाकू आत नेण्यास बंदी असेल तर आवक-जावक शाखेसाठी एक चाकू कचेरीनेच घ्यावा, असे अधिकाऱ्यांस सुचवावे. विमानाने जावयाचे असेल तर आदल्या रात्रीच तो पिशवीतून काढावा, किंवा विमानाच्या पोटात जाणाऱ्या पेटीत ठेवावा. हातातल्या सामानात तो सापडला तर तेथेच ठेवून पुढे जावे लागते.

कोणी मागितला तर चाकू मिटूनच द्यावा, आणि हातात देण्याऐवजी मेजावर ठेवावा. संध्याकाळी मात्र तो आठवणीने परत मागावा. उसन्या दिलेल्या कात्र्यांचे पुढे काय होते, हे आपणांपैकी ज्यांनी कचेरीत चार वर्षे काढली आहेत, त्यांना ठाऊक आहेच.